शेजारची मांजर घरात-बागेत येते? खान्देशी घरासाठी बंदोबस्ताची कामं, क्रमानं

खान्देशात शेजारच्या मांजरीचा खरा हंगाम चैत्र-वैशाखात. पारा ४२-४३ च्या वर गेला की अंथरुणं गच्चीवर जातात, जिन्याचं दार पहाटेपर्यंत सताड उघडं राहतं, खिडकीत कूलर बसतो नि त्याच्या बाजूची फट तशीच राहते. दिवसा खाटेवर कुरडया-बिबड्या वाळत असतात. आत यायला तिला आणखी काय हवं?

बहुतेक घरांत यावर एकच उपाय चालतो. दिसली की ओरडायचं, चप्पल भिरकवायची. त्यानं ती तेवढ्यापुरती जाते, पण ज्यासाठी आली होती ते तिथंच असतं, म्हणून अर्ध्या तासात परतते. मांजर पाच कारणांनी येते: खाणं, गार किंवा उबदार बसायची जागा, विधी उरकायला भुसभुशीत माती, पिलं घालायला आडोसा, आणि बोका असेल तर हद्दीवर आपला वास सोडायला. यातलं तुमच्याकडे कोणतं कारण आहे हे कळलं की निम्मं काम होतं. उरलेलं काम तिची वाट बंद करण्याचं, आणि ही वाट सहसा फाटकातून नसते, वरून असते.

आधी कोण येतं ते बघा

रात्री उंबऱ्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर चाळलेल्या राखेचा पातळ थर पसरा. चूल नसेल तर रांगोळीची पांढरी भुकटी चालते. पीठ नको, मुंग्या लागतात. मांजरीचा ठसा गोलसर, इंच-सव्वा इंचाचा, चार बोटांचा असतो आणि नखं उमटत नाहीत. नखं दिसली तर कुत्र्याचं पिल्लू. पाच बोटं दिसली तर शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका, ते मुंगूस किंवा उदमांजर असण्याचीच शक्यता जास्त. उदमांजर रात्री छतावर धावतं, पपई-चिकू खातं आणि त्याच्या विष्ठेत फळांच्या बिया सापडतात.

रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बागांना लागून घर असेल तर रानमांजरही कोंबड्यांवर येऊ शकतं. घरच्या मांजरीपेक्षा थोराड, पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाकडे काळी वलयं. रानमांजर काय किंवा उदमांजर काय, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पिंजरा-फासा लावायचा नाही, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

ठशांवरून वाट कळते. वेळही लिहून ठेवा. पहाटे येणारी मांजर बहुधा दुधासाठी येते. दुपारी येणारी सावलीसाठी. आणि हो, एक चौकशी घरातच करायची: आजी किंवा धाकटं लेकरू तिला गुपचूप दूध-भाकरी घालतं का? दहापैकी निम्म्या घरांत तपास इथंच संपेल, असा माझा कयास आहे. घालत असतील तर ते थांबल्याशिवाय खालचं काहीही करून उपयोग नाही.

स्वयंपाकघर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक काम

‘शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं साधलं’ ही म्हण ज्या घरातून आली त्या घरात निदान शिंकं तरी होतं. आता दूध तापवून ओट्यावरच रात्रभर निवत ठेवतात, वर ताटली अर्धवट सरकवलेली. मांजरीला ती पंजानं सरकवायला काही क्षण पुरतात. दूध निवलं की थेट फ्रीजमध्ये. फ्रीज नसेल तर जाळीचं कपाट, आणि त्याची कडी खरंच लागते का ते तपासा. नुसतं ओढून घेतलेलं दार तिला उघडता येतं. शिंकं लावायचंच असेल तर ते भिंतीपासून नि फळीपासून दूर, छताच्या कडीला. मांजर एका उडीत पाच-सहा फूट सहज गाठते, त्यामुळे ओट्याच्या वर टांगलेल्या शिंक्याला काही अर्थ नाही.

मासे, मटण, अंडी झाली त्या दिवशीचा कचरा सकाळच्या घंटागाडीची वाट बघत मोरीत ठेवू नका. पिशवीची गाठ बांधून घट्ट झाकणाच्या बादलीत टाका आणि वर दगड ठेवा. खरकटी भांडी रात्री विसळून ठेवा. सुके बोंबील किंवा सुकट घरात असेल तर हवाबंद डब्यात. त्याचा वास आपल्याला येत नसला तरी मांजरीला लांबूनच येतो.

कुरडयांसाठी गहू भिजत घातले की पातेल्यावर नुसतं फडकं पुरत नाही. परात उपडी घालून तिच्यावर वरवंटा ठेवा. वाळवणाचं म्हणाल तर मांजर पापड फारसे खात नाही, पण ऊन उतरल्यावर कोमट झालेल्या साडीवर ती ऐसपैस लोळते आणि मग सगळं वाळवण टाकून द्यावं लागतं. खाटेच्या चारही पायांना काठ्या उभ्या बांधून वरून जुनी मच्छरदाणी सोडा, कडा खाली खोचा. चिमण्या-कावळ्यांचंही काम होतं.

घरात येण्याच्या वाटा

डोकं शिरलं की मांजरीचं अंगही शिरतं, हा नियम धरून घराला एक चक्कर मारा. तीन बोटांपेक्षा मोठी प्रत्येक फट ही तिची वाट समजा.

कूलरची खिडकी. खान्देशातली ही पहिल्या क्रमांकाची वाट. कूलर बसवताना ग्रिल काढतात किंवा खिडकीचं एक दार उघडं ठेवतात आणि उरलेल्या जागेत थर्माकोल, नाहीतर पुठ्ठा कोंबतात. मांजर तो एका रात्रीत फाडते. तिथं प्लायवूडचा मापात कापलेला तुकडा स्क्रूनं बसवा. पैसे घालायचे नसतील तर बॅनरचं जुनं फ्लेक्स दुहेरी करून चौकटीला खिळ्यांनी ताणून ठोका. कूलर बाहेर स्टँडवर असेल तर त्याची टाकी ही मांजरीची पाणपोईही असते. वरचं झाकण बसवून ठेवा.

खिडक्या. ग्रिलच्या सळयांत बहुतेक ठिकाणी तीन-चार इंचांचं अंतर असतं, म्हणजे मांजरीला दारच. नायलॉनची डासांची जाळी तिची नखं फाडतात. स्टीलची जाळी, किंवा ग्रिलला आतून एक इंची वेल्डेड जाळी बांधून घेणं टिकाऊ. सगळं घर एकदम करणं परवडत नसेल तर राखेत ठसे सापडले ती खिडकी आधी करा. व्हेंटिलेटर आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक विसरू नका.

जिन्याचं दार. रात्री वर झोपायला गेल्यावर कुणी ना कुणी पाणी प्यायला खाली येतं आणि दार उघडं राहतं. दार आपोआप लागायची स्प्रिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तेवढी लावा. नाहीतर जाळीचं दुसरं दार करून घ्या, वारा येत राहील.

जुनं धाब्याचं घर असेल तर उजेडासाठी वर ठेवलेल्या भोकावर लोखंडी जाळीची चौकट पडली पाहिजे. पावसाळ्यात त्यावर पत्रा झाकता तेव्हा तो नुसता ठेवलेला असतो. त्यावर दगड ठेवा. मोरीचा पाट मोठा असेल तर त्याच्या तोंडाशी जाळी बसवा. उंदीर-घुशींचीही वाट त्यानंच बंद होते.

गच्ची आणि कंपाउंड

गल्लीतली घरं भिंतीला भिंत लावून. एका गच्चीवरून दुसरीवर जायला मांजरीला रस्त्यावर उतरावंच लागत नाही. त्यामुळे पाच फुटी कंपाउंड उंच करत बसण्यापेक्षा लागून असलेला कठडा आणि झाड याकडे बघा.

कठड्यावर किंवा कंपाउंडवर लावायला आपल्याकडे एक साधन फुकटासारखं मिळतं: शेतातला निकामी पीव्हीसी पाइप. चार इंची पाइपाचे चार-पाच फुटी तुकडे करा. भिंतीच्या माथ्यावर लोखंडी कोन ठोकून त्यातून जाड तार ताणा आणि ती पाइपातून ओवा, म्हणजे पाइप तारेवर सैल गरगर फिरेल. मांजर उडी मारून कडेला पंजा रोवते, अंग वर ओढायला जाते आणि पाइप फिरून ती परत खाली उतरते. तिला इजा होत नाही. पाइप भिंतीच्या बाहेरच्या कडेला जरा पुढे आलेला हवा, आणि दोन तुकड्यांत फट नको. नाहीतर ती तिथंच पाय ठेवते. शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीवर काही ठोकायचं असेल तर आधी विचारा.

कठडे अगदी चिकटून असतील तर उडीचा प्रश्नच नसतो, ती नुसती चालत येते. तिथं दोन-अडीच फूट उंच शेडनेट उभी ताणा, पण वरची कड सैल आणि शेजारच्या बाजूला झुकती सोडा. हलणाऱ्या, लोंबत्या कडेवर मांजर पाय टाकायला बिचकते. भिंतीवर काचा रोवायची जुनी पद्धत मला पटत नाही. मांजर त्यांतून अलगद पाय टाकत जाते आणि पतंग काढायला चढलेलं पोर रक्तबंबाळ होतं.

कडुलिंबाची फांदी गच्चीवर आलेली असेल तर ती कठड्यापासून सहा-सात फूट मागे छाटा. झाड एकटं असेल तर जमिनीपासून तीनेक फुटांवर खोडाला दोन-अडीच फूट रुंदीचा गुळगुळीत प्लास्टिक पत्रा गुंडाळून तारेनं बांधा. खिळे ठोकू नका, आणि वर्षातून एकदा तार सैल करा, नाहीतर ती खोडात रुतते.

उन्हाळ्यात पाखरांसाठी कठड्यावर परळ ठेवता ना? त्या पाण्यावर येणारी पाखरं हे मांजरीचं गच्चीवर येण्याचं कारण असू शकतं. परळ तारेनं मोकळ्यावर टांगा. तहानेनं मांजर येत असेल तर तिच्यासाठी फाटकाबाहेर सावलीत वेगळं पाणी ठेवा. आपल्याकडच्या वैशाखात तेवढं करायलाच हवं.

परसबाग

मेथी-कोथिंबिरीचा वाफा भुसभुशीत करून बी टाकलं की दुसऱ्या दिवशी तो उकरलेला, आणि एका कोपऱ्यात मातीचा छोटा ढीग. ढिगाखाली काय असतं ते सांगायला नको. मांजरीला कोरडी, मोकळी, पाय सहज रुतेल अशी माती लागते. म्हणून इलाज मातीवरच करायचा.

वाफ्यावर कपाशीच्या काड्या आडव्या-उभ्या, चार बोटांच्या अंतरानं पसरा. तिला उकरायला सलग जागा मिळत नाही, आणि रोपं मधल्या चौकोनांतून वर येतात. मात्र काड्यांवर वाळलेली बोंडं असतील तर ती तोडून नष्ट करा, कारण त्यांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते. कृषी विभाग पऱ्हाटी शेतात-बांधावर साठवू नका म्हणून दरवर्षी सांगतो, तो याचसाठी. काड्या नसतील तर तुराट्या चालतील. बाभळीचे-बोरीचे काटे घालणारेही आहेत, पण निंदताना ते आपल्याच हातात मोडतात.

याहून पक्कं काम हवं असेल तर कोंबड्यांसाठी मिळते ती षटकोनी जाळी वाफ्यावर सपाट अंथरा, कडा मातीत दाबा. रोप उगवून वीतभर झालं आणि माती पानांनी झाकली गेली की मांजरीचा रस संपतो. खरा जपायचा काळ पेरणीपासून तेवढाच. वांग्याच्या रोपांना पुढे फारसं काही लागत नाही.

ओल्या मातीत ती बसत नाही, हे खरं. पण ज्या गावात नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं तिथं वाफा सतत ओला कसा ठेवणार? ठिबकची जुनी नळी वाफ्यावरून फिरवली तर थोड्या पाण्यात पृष्ठभाग ओलसर राहतो. चाहूल लागली की आपोआप पाणी उडवणारी यंत्रं ऑनलाइन मिळतात, चालतातही, पण त्यांना नळीत कायम दाब लागतो. तापीकाठच्या बागायतदाराला जमेल, इतरांनी त्यात पैसे घालू नयेत.

कुंड्यांत मातीवर नदीतले गुळगुळीत गोटे घट्ट मांडा. घराचं काम चालू असेल आणि दारात वाळूचा ढीग असेल तर तो ताडपत्रीनं झाका. साऱ्या गल्लीतल्या मांजरी तिथंच जमतात.

आणि एक उलटा उपाय, जो लोकांना आधी हसू आणतो. परसाच्या टोकाला, किंवा शेजारी तयार असतील तर त्यांच्याच परसात, दोन-तीन घमेली कोरडी वाळू टाकून कोपरा करून द्या. वरचेवर साफ केला तर मांजर तोच पसंत करते. वाफ्यातली विष्ठाही रोज उचलायची, खुरप्यानं आणि हातमोजे घालून. तिच्यातून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीला लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची. गरोदर बाईनं हे काम करायचंच नाही, आणि त्या वाफ्यातली कोथिंबीर वाहत्या पाण्यात नीट धुतल्याशिवाय ताटात घ्यायची नाही.

वास घालवणं

एकदा मुतलेली जागा मांजर वासावरून परत शोधते. बोका तर मुद्दाम उभ्या भिंतीवर, मोटारसायकलच्या चाकावर, तुळशीवृंदावनावर फवारा मारतो. आपण लगेच फिनाईल ओततो. फिनाईल मांजरीला विषारी आहे. तिच्या यकृताला ते पचवता येत नाही आणि पायाला लागलेलं ती चाटून पोटात घेते. अमोनियाचं क्लीनरही नको, त्याचा वास मुतासारखाच असल्यानं ते तिला बोलावणंच ठरतं.

आधी फडक्यानं टिपून घ्या, मग साध्या पाण्यानं धुवा. त्यानंतर एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून त्या जागेवर ओता, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, धुवा आणि उन्हात कडकडीत वाळू द्या. गोधडी-गादीलाही हेच. व्हिनेगर-पाणी सिमेंटवर चालतं, पण शहाबादी फरशीवर घालू नका. तो चुनखडीचा दगड आहे, आम्लानं खरबरीत होतो.

हे करू नका

लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या. अर्ध्या खान्देशात ओट्यावर मांडलेल्या दिसतात. मांजर त्यांना अंग घासून जाते. निरुपद्रवी आहेत, एवढंच त्यांच्या बाजूनं म्हणता येईल.

डांबरगोळ्या मात्र निरुपद्रवी नाहीत. मांजरीला आणि रांगत्या लेकराला दोघांनाही विष. तिखटाची पूड तिच्या पायांवरून डोळ्यांत जाते आणि वाऱ्यानं आपल्याही. निलगिरी-लिंबाची तेलंही तिला बाधतात. उंदराचं औषध घालून ‘चुकून’ मांजर मेली, असं दाखवणारेही असतात. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर वाहावी लागते असं जुनी माणसं सांगायची. आज भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे: प्राण्याला मारणं, विष घालणं, पंगू करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा.

पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येणं हाही त्यातलाच प्रकार. शेजाऱ्याची मांजर असेल तर भांडण, आणि भटकी असेल तर तिची मोकळी जागा काही दिवसांत दुसरी घेते, कारण खाणं तिथंच असतं.

माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाची यंत्रं? ब्रिटनमधल्या बागांत त्यांच्या चाचण्या झाल्यात. मांजरींचं येणं कमी झालं, बंद झालं नाही. गच्चीवरच्या पत्र्या-भिंतींच्या अडगळीत माझा त्यांच्यावर भरवसा नाही.

शेजाऱ्याशी बोलणं

हे काम सगळ्यात आधी करायला हवं, पण लोक सगळ्यात शेवटी आणि चिडून करतात. दूध सांडलं त्याच सकाळी जाऊ नका. संध्याकाळी ओट्यावर बसायच्या वेळी, ज्यांच्याशी बोलणं आहे त्यांनी जावं. ‘आक्का, तुम्हनी मांजर रोज मन्हा घर येस’ एवढ्यानं सुरुवात पुरे. बहुतेकांना आपली मांजर कुठं कुठं जाते याचा पत्ताच नसतो. राखेतल्या ठशांचा फोटो दाखवला तर वाद घालायलाही जागा राहत नाही.

तक्रार नको, मागणी ठेवा, आणि ती नेमकी ठेवा. पहिली: तिला ठरलेल्या वेळी, दिवेलागणीआधी पोटभर खायला घाला. उपाशी मांजरच रात्री दारोदार फिरते. दुसरी: बोका असेल तर खच्ची करा, मादी असेल तर तिचंही ऑपरेशन करा. पाच-सहा महिन्यांच्या वयापासून हे करता येतं. खच्ची केलेला बोका बहुधा फवारे मारणं सोडतो, भटकणं आणि रात्रीची भांडणंही कमी होतात. आपल्याकडच्या सगळ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत मांजरीचं ऑपरेशन होतंच असं नाही. गाय-म्हैस हेच त्यांचं मुख्य काम. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा खाजगी डॉक्टरांकडे आधी विचारा. तिथवर न्यायला गाडी नि अर्धा खर्च देऊ केलात तर नाना-आक्का नाही म्हणत नाहीत. सोबत रेबीजची लसही टोचून घ्या.

मांजर कुणाचीच नसेल तर गल्लीनं वर्गणी काढून हेच करायचं.

माळ्यावर पिलं सापडली तर

मांजर पिलांना सात घरं फिरवते, त्यातलं एक आपलं. एकटी दिसली म्हणून उचलून बाहेर ठेवू नका. आई जवळपासच असते. तुमची वर्दळ वाढली की ती स्वतःच त्यांना मानेला धरून हलवते. नाहीच हलवलं तर पिलं आपलं आपण खाऊ लागेपर्यंत, म्हणजे सात-आठ आठवडे, तो कोपरा त्यांना द्या. नंतर आईसकट खाली काढा, तिच्या ऑपरेशनचं बघा आणि वाट लगेच बुजवा. बुजवण्याआधी एक पिलू आत राहिलं नाही ना, हे बॅटरी लावून बघा.

ओरखडली किंवा चावली तर

कोंडून पकडायला गेलं की हमखास होतं. खोलीत सापडलीच तर एक दार उघडं ठेवून बाकीची लावा आणि तुम्ही बाजूला व्हा. नुसता ओरखडा असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. त्याच दिवशी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं, ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मांजर पाळीव आहे, लस टोचलेली आहे असं शेजारी म्हणाले तरी जायचं, आणि पुढचे डोस कोणत्या तारखांना आहेत ते कागदावर लिहून घ्यायचं.